भिंतीवरचा इतिहास : अँटन रेफ्रेजिए

टपालकचेरींत मनुष्य चित्रें पाहावयास जात नाहीं. तो तिकिटें घेतो, रजिस्टर केलेल्या पत्राची पावती खिशांत घालतो, रांगेंत पुढच्याच्या पाठीकडे पाहत उभा राहतो आणि काम होतांच बाहेर पडतो. संग्रहालयांतील एखादें चित्र आवडलें नाहीं तर आपण पलीकडच्या दालनांत जातों. टपालकचेरीच्या भिंतीवरील चित्रापासून अशी सुटका नाहीं. तें रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर असतें, आणि शिवाय तें आपल्याच पैशानें काढविलेलें असतें. अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरीं, बंदरापासून थोड्याच अंतरावर, रिंकन ॲनेक्स या नांवाच्या टपालकचेरीसाठीं बांधलेल्या इमारतींत अशीं सत्तावीस चित्रें आहेत. रशियांत जन्मलेल्या एका चित्रकारानें तीं काढलीं; आणि तीं भिंतीवरून नाहींशीं करावीं असा ठराव १९५३ सालीं अमेरिकन काँग्रेसपुढें आला. त्या चित्रकाराची व त्या भिंतींची हकीकत आज सांगावयाची आहे.

अँटन रेफ्रेजिए याचा जन्म १९०५ सालीं मॉस्को येथें झाला. १९२० सालीं तो अमेरिकेस आला तेव्हां त्याचें वय पंधरा वर्षांचें होतें. न्यूयॉर्कमध्यें पडेल तें काम करून त्यानें पहिले दिवस काढले. पुढें शिष्यवृत्ति मिळून तो ऱ्होड आयलंड येथील कलाविद्यालयांत दाखल झाला आणि १९२५ सालीं न्यूयॉर्कला परत आला. येथें त्याला जें काम मिळालें तें ऐकण्यासारखें आहे. श्रीमंतांचे बंगले सजविणाऱ्या कंत्राटदारांकडे तो बुशे व फ्रागोनार या अठराव्या शतकांतील फ्रेंच चित्रकारांच्या चित्रांच्या नकला करून देई. गुलाबी गालांच्या सरदारकन्या, झोंपाळे, मेघांत लोळणारीं मदनबाळें, असा तो सारा संसार. ज्या माणसाच्या हातून पुढें संपकरी हमाल आणि मार खाणारे चिनी मजूर भिंतीवर उमटले, त्याच्या हाताला वळण लागलें तें अशा कामावर! पण या नकलांमुळें त्याचा हात तयार झाला, हें मात्र नाकारतां येणार नाहीं.

१९२७ सालीं तो म्यूनिकला गेला आणि हान्स होफमान या शिक्षकाच्या हाताखालीं शिकला. होफमान हा त्या काळांतील नव्या चित्रकलेचा मोठा गुरु. तोहि पुढें अमेरिकेंतच येऊन राहिला आणि तेथील एक सबंध पिढी त्यानें घडविली. चित्राची पाटी सपाट असते हें चित्रकारानें क्षणभरहि विसरूं नये. खोलीचा भास उत्पन्न करावयाचा तो रंगांच्या परस्परसंबंधांतून, खिडकीबाहेरचा देखावा दाखवून नव्हे, ही त्याच्या शिकवणुकीची दिशा. भिंतीवर काम करणाऱ्याला याहून उपयोगी धडा दुसरा नाहीं. भिंतीला भोंक पाडल्यासारखें दिसणारें चित्र भिंतीचें घर मोडतें. रेफ्रेजिएचीं चित्रें पाहतांना आकृति पुढेंमागें असूनहि सर्व एकाच पातळीवर बसविल्यासारख्या भासतात, त्याचें मूळ म्यूनिकमधील या शिक्षणांत आहे असें मला वाटतें.

तो अमेरिकेस परतला आणि थोड्याच काळांत मंदीची लाट आली. लाखों लोक बेकार झाले. चित्रकारांचीं चित्रें कोण घेणार? १९३३ सालीं जॉर्ज बिडल नांवाच्या चित्रकारानें अध्यक्ष रूझवेल्ट यांना एक पत्र लिहिलें. दोघे शाळेंतील जुने सोबती. मेक्सिकोच्या सरकारनें तरुण चित्रकारांना सामान्य कारागिराच्या मजुरीवर सार्वजनिक भिंती रंगवावयास दिल्या आणि त्यांतून एक थोर परंपरा निर्माण झाली. तसें आपणहि कां करूं नये, असा त्या पत्राचा आशय होता. मेक्सिकोच्या या परंपरेचा अग्रणी दिएगो रिव्हेरा. येथें एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. रिव्हेरानें मेक्सिको शहरांतील शिक्षणखात्याच्या इमारतींत जीं चित्रें काढलीं, त्यांतील एका चित्रांत मेजाभोंवतीं बसलेल्या मंडळींना भाकर वांटून देणारा जो पुरुष आहे, तो आपल्या वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे यांच्यावरून काढलेला आहे. गदर पक्षाच्या चळवळींत पडलेले खानखोजे पुढें मेक्सिकोंत शेतकीशास्त्राचे अध्यापक झाले आणि रिव्हेराच्या मित्रमंडळांत वावरले. त्या गदर पक्षाचें ठाणें सॅन फ्रॅन्सिस्कोंतच होतें. जग दिसतें तेवढें मोठें नाहीं.

बिडलच्या पत्रासारख्या सूचनांतून अमेरिकेंत दोन निरनिराळ्या योजना निघाल्या. एक बेकारनिवारणाची. तींत न्यूयॉर्कच्या चित्रकाराला आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट मिळत, मग त्याचें नांव मोठें असो कीं लहान. दुसरी योजना खजिन्याच्या खात्याची. नव्या सरकारी इमारतीच्या खर्चांतील सुमारें शंभरावा हिस्सा चित्रें व शिल्पें यांसाठीं राखून ठेवावयाचा आणि स्पर्धा लावून काम द्यावयाचें, अशी ही व्यवस्था होती. देशभर गांवोगांवच्या टपालकचेऱ्यांत जीं भित्तिचित्रें दिसतात तीं बहुतेक या दुसऱ्या योजनेचीं. रेफ्रेजिए दोन्हींतून गेला. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनांत बेकारनिवारण योजनेच्या मंडपासाठीं त्यानें एक मोठें भित्तिचित्र काढलें. न्यू जर्सींतील प्लेनफील्ड येथील टपालकचेरीहि त्यानें रंगविली. सरकारी पैशावर काढलेल्या चित्रांचें भवितव्य काय असतें हें त्या काळच्या प्रत्येक चित्रकारास ठाऊक होतें असें नाहीं. पण खासगी पैशाचा अनुभव ताजा होता. रॉकफेलर यांच्या इमारतींत रिव्हेरानें लेनिनची आकृति काढली म्हणून तें सबंध चित्र १९३४ च्या फेब्रुवारींत फोडून टाकण्यांत आलें होतें.

रिंकन ॲनेक्सची इमारत १९४० च्या सुमारास उभी राहिली. गिल्बर्ट स्टॅनली अंडरवुड हा तिचा वास्तुशिल्पी. बाहेरून ती करड्या रंगाची, गुळगुळीत, खिडक्यांवरून डॉल्फिन माशांची नक्षी फिरविलेली. आंत लांबच लांब दालन, आणि पत्रपेट्यांच्या वर भिंतीचा पट्टा मोकळा. या पट्ट्यावर कॅलिफोर्नियाचा इतिहास चितारावयाचा होता. १९४१ सालीं स्पर्धा लागली, ऐंशींवर चित्रकारांनीं नमुने पाठविले आणि काम रेफ्रेजिएला मिळालें. मोबदला २६,००० डॉलर. खजिन्याच्या योजनेंतून एका चित्रकाराला मिळालेली ही सर्वांत मोठी रक्कम. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिका युद्धांत उतरली आणि भिंत कोरीच राहिली. ज्या खात्यानें काम दिलें तें १९४३ त बंदहि झालें. १९४५ सालीं संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेची परिषद सॅन फ्रॅन्सिस्कोंत भरली तेव्हां ‘फॉर्च्यून’ मासिकाचा चित्रकार म्हणून रेफ्रेजिए त्या शहरीं गेला. प्रत्यक्ष भिंतीचें काम मात्र १९४६ त सुरू झालें.

त्यानें ओल्या चुन्यांत रंग भरण्याची इटालियन पद्धति घेतली नाहीं. भिंतीच्या गिलाव्यावर खडू व सरस यांचा पांढरा लेप देऊन त्यावर केसीनचे रंग, म्हणजे दुधाच्या चोथ्यापासून काढलेल्या चिकट द्रव्यांत कालविलेले रंग, त्यानें वापरले. हे रंग झटपट वाळतात, त्यांना चकाकी नसते, म्हणून दिव्याच्या उजेडांतहि चित्र कोठूनहि नीट दिसतें. दुसरी एक सोय अशी कीं, ओल्या चुन्यांतील चित्रांत बदल करावयाचा म्हणजे तेवढा गिलावा खरवडून पुन्हां घालावा लागतो; केसीनवर वरून पुन्हां रंगवितां येतें. पुढें जे प्रसंग आले ते पाहतां ही सोय चित्रकारापेक्षां साहेबांच्याच अधिक उपयोगी पडली, असें म्हणण्याचा मोह होतो.

आतां चित्रांकडे येऊं. पहिल्या चित्रांत कॅलिफोर्नियाचा मूळ रहिवासी आहे, आणि तो कांहीं निर्माण करीत असलेला दाखविला आहे. गोऱ्या माणसाच्या आगमनापूर्वीं तेथें कला होती, हें विधान चित्रकारानें आरंभींच करून ठेवलें. मग १५७९ त आलेला ड्रेक, स्पॅनिश सरदार, मठ बांधणारे पाद्री, फोर्ट रॉस येथील रशियन व्यापाऱ्यांची वखार. हें शेवटचें चित्र पाहून, मॉस्कोच्या माणसानें आपल्या देशाला जागा करून घेतली, असें कोणीहि म्हणावें. परंतु वखार खरोखरच होती, १८१२ सालीं बांधलेली, आणि ती गाळणें हीच लबाडी झाली असती. पुढें बैलगाड्यांतून वाळवंट तुडवीत आलेले वसाहतवाले, अस्वलाचें निशाण, सोन्याचा शोध, दूर देशीं गेलेल्यांना आलेलें टपाल, आगगाडीचा रस्ता, १९०६ चा भूकंप व आग, सोनेरी दाराचा पूल, युद्धकाळांतील जहाजांचे कारखाने.

येथवर कोणाची तक्रार होण्याचें कारण नव्हतें. पण या मालिकेंत तीन चित्रें अशीं आहेत कीं, शहराच्या गौरवग्रंथांत तीं सांपडलीं नसतीं. पहिलें १८७७ च्या दंगलीचें. आगगाडीचा रस्ता १८६९ त पुरा झाला. तो बांधणाऱ्या चिनी मजुरांची गरज संपली आणि पुढें मंदी येतांच बेकार गोऱ्यांचा राग त्यांच्यावर उलटला. शहरांतील वाळूच्या मैदानावर सभा होत आणि सभेंतून उठलेला जमाव चिनी वस्तीवर तुटून पडे. त्या द्वेषाचा कायदा १८८२ सालीं झाला आणि चिन्यांना अमेरिकेचें दार बंद झालें. तें थोडेंसें उघडलें तें १९४३ त, चीन युद्धांतील दोस्त झाल्यावर. दुसरें चित्र मूनी खटल्याचें. १९१६ सालीं युद्धसज्जतेच्या मिरवणुकींत बाँब फुटून दहा माणसें मेलीं. टॉम मूनी या मजूरपुढाऱ्याला फांशीची शिक्षा झाली, ती पुढें जन्मठेपेवर आली, आणि साक्षी खोट्या होत्या हें उघड होऊनहि तो १९३९ पर्यंत तुरुंगांत राहिला. तिसरें चित्र १९३४ च्या गोदी संपाचें.

या तिसऱ्या चित्राला समजावयाचें तर गोदीवरील त्या वेळची रीत माहीत हवी. पहाटे हमालांनीं घोळका करून उभें राहावयाचें आणि मुकादमानें त्यांतून हवे ते निवडावयाचे. ज्याला रोज काम हवें त्यानें मुकादमाचा हात ओला करावयाचा. या रीतीविरुद्ध मे महिन्यांत संप झाला. ५ जुलै रोजीं पोलिसांच्या गोळीबारांत दोन माणसें ठार झालीं, आणि थोड्याच दिवसांनीं सबंध शहर चार दिवस बंद राहिलें. संपाचा पुढारी हॅरी ब्रिजेस हा ऑस्ट्रेलियांतून आलेला परदेशी. त्याला हद्दपार करण्याची सरकारची खटपट वर्षानुवर्षें चालली होती. रेफ्रेजिएनें एकाच चौकटींत तीन प्रसंग बसविले: एका बाजूस लांच घेणारा मुकादम, मध्यें हमालांशीं बोलणारी, ब्रिजेसची आठवण करून देणारी आकृति, आणि दुसऱ्या बाजूस मेलेल्यांचा शोक. जेथें हें घडलें त्या रस्त्यापासून टपालकचेरी कांहीं पावलांवर आहे, आणि चित्र काढलें गेलें तेव्हां घटनेला पुरतीं पंधरा वर्षेंहि झालीं नव्हतीं. ज्यांनीं काठी चालविली आणि ज्यांनीं ती खाल्ली, ते दोघेहि त्याच खिडकीवर तिकिटें घेण्यास येत असतील.

हरकती चित्र रंगत असतांनाच सुरू झाल्या. मिशन डोलोरेस या मठाच्या चित्रांतील पाद्री फार लठ्ठ आणि शेजारचे इंडियन फार हडकुळे दिसतात, अशी कॅथलिक मंडळींची तक्रार आली. चित्रकारानें पाद्र्याचें पोट कमी केलें. संपाच्या चित्रांतील एका हमालाच्या डोक्यावर माजी सैनिकांच्या संघाची टोपी होती. संघानें हरकत घेतली, टोपीवरील खूण गेली. सर्वांत मोठी ओढाताण शेवटच्या चित्रावर झाली. युद्ध व शांतता हा त्याचा विषय. त्यांत रूझवेल्ट यांची आकृति यावयाची होती. रूझवेल्ट १९४५ च्या एप्रिलांत वारले. १९४६ च्या निवडणुकींत काँग्रेसमध्यें विरुद्ध पक्षाचें बहुमत झालें. आणि वॉशिंग्टनच्या इमारत खात्याकडून हुकूम आला कीं रूझवेल्ट यांचें चित्र काढूं नये. ज्या अध्यक्षाच्या कारकीर्दींत हें काम मंजूर झालें त्यालाच त्या भिंतीवर बंदी! रेफ्रेजिए पुष्कळ भांडला, कलावंत व मजूरसंघ त्याच्या पाठीशीं उभे राहिले, पण शेवटीं त्याला नमावें लागलें. रूझवेल्ट यांनीं पुकारलेलीं चार स्वातंत्र्यें तेवढीं चित्रांत राहिलीं. असे लहानमोठे बदल नव्वदाहून अधिक झाले. काम पुरें झालें तें १९४८ त.

विरोध करणारे सगळेच मूर्ख किंवा दुष्ट होते असें समजणें सोईचें असलें तरी न्यायाचें नाहीं. सार्वजनिक पैशानें सार्वजनिक जागीं काढलेल्या चित्रावर लोकांनीं बोलूं नये, असें कोण म्हणेल? रेफ्रेजिए डाव्या विचारांचा होता व तें तो लपवीतहि नसे. आपल्या इतिहासाची निवड करतांना त्याची सहानुभूति कोणाकडे होती हें आंधळ्यालाहि दिसेल. चित्रें म्हणूनहि तीं सर्व सारख्या तोलाचीं नाहींत. कांहीं ठिकाणीं आकृति जाहिरातीच्या फलकांतल्यासारख्या ताठ झाल्या आहेत, आणि शहर हें कलेचें केंद्र कसें झालें हें सांगणारें चित्र मला तरी नुसती हजेरी वाटतें. पण चिनी मजुरांवरील मारहाण, भूकंपानंतरची धांवपळ, वसाहतवाल्यांचे शिणलेले चेहरे, यांत रेषेला जी धार आहे ती उसनी नाहीं. “आमचे पूर्वज असे कोनाकोनांचे आणि मरतुकडे नव्हते,” या धर्तीची एक तक्रार वारंवार होई. हजारों मैल बैलगाडींतून उपाशीं येणारा माणूस धष्टपुष्ट असावा ही अपेक्षा इतिहासाची नव्हे, तसबिरीची आहे.

चित्रें पुरीं झालीं तरी वाद संपला नाहीं. १९४९ सालीं एका माजी सैनिकानें या सरकारी इमारतींतील कम्युनिस्ट कला काढून टाकण्याविषयीं कॅलिफोर्नियाच्या एका तरुण प्रतिनिधीला विचारलें. राज्यकारभार बदलल्यावर या गोष्टीची चौकशी झाली पाहिजे, अशा आशयाचें उत्तर त्या प्रतिनिधीनें धाडलें. त्याचें नांव रिचर्ड निक्सन. १९५२ च्या निवडणुकीनें राज्यकारभार बदलला, निक्सन उपाध्यक्ष झाला, आणि १९५३ च्या मार्चमध्यें ह्यूबर्ट स्कडर या कॅलिफोर्नियाच्याच प्रतिनिधीनें चित्रें काढून टाकण्याचा ठराव मांडला. तो काळ मॅकार्थीचा होता हें लक्षांत घ्यावें. कोणाचें नांव कोणत्या सभेच्या पत्रकावर होतें याच्या याद्या निघत, आणि यादींत नांव आलेल्याची नोकरी जाई. चित्रकार जन्मानें मॉस्कोचा, एवढ्यावरच पुष्कळांचें समाधान झालें होतें.

१ मे १९५३ रोजीं वॉशिंग्टनमध्यें समितीपुढें सुनावणी झाली. स्कडर यानें चित्रांमागून चित्रें घेऊन त्यांतील दोष दाखविले आणि रेफ्रेजिएच्या राजकीय संबंधांची जंत्रीहि वाचली. माजी सैनिकांच्या संघटना त्याच्या बाजूस होत्या. विरुद्ध बाजूस सॅन फ्रॅन्सिस्को शहराचे दोन्ही प्रतिनिधि होते: शेली हा डेमोक्रॅट, पूर्वीं मजूरसंघाचा पुढारी, आणि मेलियार्ड हा स्कडरच्याच रिपब्लिकन पक्षाचा, नुकताच निवडून आलेला. पहिल्याच वर्षीं आपल्या पक्षाच्या ठरावाविरुद्ध, तेंहि त्या दिवसांत, उभें राहण्यास मनाचा कणा लागतो. शहरांतील तिन्ही कलासंग्रहालयांच्या संचालकांनीं चित्रांचा पक्ष घेतला. त्यांचें म्हणणें, प्रत्येक चित्र श्रेष्ठ आहे असें नव्हतें. स्पर्धेनें निवडलेलें, सरकारनेंच पायरीपायरीनें तपासलेलें काम नवें बहुमत आलें म्हणून खरवडूं लागल्यास देशांतील कोणतीहि सरकारी भिंत सुरक्षित राहणार नाहीं, हा त्यांच्या बाजूचा मुख्य मुद्दा होता. समितीनें ठराव पुढें नेला नाहीं. चित्रें वांचलीं, असा स्पष्ट निर्णय कोणी दिला नाहीं. ठराव कागदांत पडून राहिला, इतकेंच.

त्या तीन संचालकांपैकीं एका बाईंचें नांव आपल्या परिचयाचें आहे. डॉ. ग्रेस मोर्ले. सॅन फ्रॅन्सिस्कोच्या आधुनिक कलासंग्रहालयाच्या त्या पहिल्या संचालक. पुढें त्या भारतांत आल्या, १९६० सालीं दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्याहि पहिल्या संचालक झाल्या, आणि १९८५ सालीं वारल्या त्या दिल्लींतच. जनपथावरील त्या इमारतींतील मूर्ति ज्यांनीं पाहिल्या असतील, त्यांनीं या बाईंच्या मांडणीचा लाभ नकळत घेतलेला आहे.

रेफ्रेजिए न्यूयॉर्क प्रांतांतील वुडस्टॉक या कलावंतांच्या गांवीं राहून काम करीत राहिला. भित्तिचित्रांबरोबर विणलेले चित्रपटहि त्यानें केले. रिंकन ॲनेक्सएवढें काम त्याला पुन्हां मिळालें नाहीं. १९७९ सालीं तो मॉस्कोंत वारला. त्याच सुमारास टपालाचें काम दुसरीकडे हलविण्यांत येऊन ती इमारत पाडली जाण्याची भीति उत्पन्न झाली होती. शहरांतील लोकांनीं खटपट केली आणि १९७९ तच तिचें नांव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदींत चढलें. १९८० नंतरच्या दशकांत तिच्या मागें नवे मनोरे उठले, पुढचें दालन मात्र जसेंच्या तसें ठेवून चित्रें साफ करण्यांत आलीं. तिकिटांची खिडकी बंद झाली. पट्ट्यावर पोट कमी केलेला पाद्री आहे, खूण नसलेली टोपी आहे, आणि शेवटच्या चौकटींत चार स्वातंत्र्यें आहेत.